मेंबराची पगडी

“उतरव! उतरव ते पगडी, थावऱ्या! आत्ताच्या आत्ता उतरव, नाईतर माह्या हातानं उतरवीन!”

फुफी हे नाल्याच्या पलीकडूनच ओरडत येत होती. त्यामुळे आमच्या ओट्यावर आधी तिचे शब्द पोचले आणि बऱ्याच वेळाने ती स्वतः पोचली. फुफी म्हणजे माझ्या बांची, वडिलांची, थोरली बहीण, आणि थावऱ्या म्हणजे बाच. तिने तांड्यावर शेळीला हाक मारली की आर्णीच्या बाजारात विकायला बांधलेल्या शेळ्या दावं तोडायला बघायच्या. माझ्या सुना म्हणतात, आई तिखटमीठ लावून सांगतात. मीठ मी लावते. तिखट आधीपासूनच होतं. आणखी एक सांगून ठेवते. आम्ही बंजारा, आमची घरची बोली गोरमाटी. ती इथं जशीच्या तशी लिहिली तर निम्मे वाचक नाल्याच्या पलीकडेच राहतील, म्हणून या प्रकरणात सगळ्यांना मी वऱ्हाडीत बोलवते आहे. फुफी बाजारात वऱ्हाडीतच भांडायची, तेव्हा तिची काही हरकत नसावी.

बा ओट्यावर बसून मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा खात होते. शेजारी याडी, माझी आई, चुलीपाशी बाटी थापत होती. बाटी म्हणजे आमची ज्वारीची भाकर, पण याडीच्या हातची बाटी अशी पातळ की तिच्यातून पलीकडचा माणूस दिसायचा, आणि तो उपाशी आहे की जेवलेला हेही कळायचं. बा दिल्लीहून सुटीवर आले होते. ते लोकसभेचे मेंबर होते. आता सगळे खासदार म्हणतात. तेव्हा आमच्याकडे मेंबर म्हणायचे, आणि मेंबर म्हणजे नेमकं काय करतो हे जिल्ह्यात कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्याला मान फार होता. हरवलेला बैल शोधून द्या म्हणून लोक यायचे. घाटंजीचा एक गृहस्थ बायको माहेरून परत येत नाही म्हणून दिल्लीहून हुकूम काढा असं सांगायला आला होता. बा सगळ्यांचं ऐकायचे. ऐकणं हाच त्यांचा मोठा गुण. त्यांना निवडणुकीला उभं केलं तेही त्याच गुणावर. दोन पुढारी तिकिटासाठी एकमेकांचे गळे धरत होते, बा मध्ये बसून दोघांचं ऐकत होते, आणि संध्याकाळपर्यंत दोघांचीही खात्री झाली की हा माणूस आपल्याच बाजूचा आहे.

आणि बा आमच्या तांड्याचे नायकही होते. नायक म्हणजे तांड्याचा प्रमुख. त्याची लाल पगडी. भांडणतंटा झाला की लिंबाखाली नसाब बसायचा, म्हणजे तांड्याची पंचायत. आमच्या नसाबाची रीत पक्की. फिर्यादी आधी बोलणार, आणि बोलण्यापूर्वी पायांतले जोडे काढणार. मग ज्याच्यावर फिर्याद आहे तो. मग ज्याला ज्याला तोंड आहे तो प्रत्येक जण. सगळ्यांचं सगळं बोलून संपलं, आता कोणाच्याही पोटात शब्द उरला नाही, असं झालं की नायक बोलणार. एकदाच. तो बोलला की विषय संपला. मध्येच बोलणारा नायक म्हणजे पोरकट नायक. बा या बाबतीत असे तरबेज होते की एका लांबलेल्या नसाबात चिमणी येऊन त्यांच्या पगडीवर घरट्याची काडी ठेवून गेली. दुसरी आणायला गेली तेवढ्यात भांडण मिटलं आणि बा उठले, नाहीतर तिथं पिल्लं निघाली असती.

फुफी अंगणात आली. डोक्यावर बाजाराची टोपली तशीच. ती चालताना उजवा पाय जरा फरफटायची, तो तिला नारू झाला होता तेव्हापासून. आमच्या तांड्याची विहीर पायऱ्यांची. लोक उतरून घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहायचे, घागर भरायचे, वर यायचे. त्या पाण्यातून नारूचा किडा पोटात जायचा आणि वर्षभराने पायातून बाहेर निघायचा, दोऱ्यासारखा पांढरा. तांड्यात असं घर नव्हतं जिथं कोणी ना कोणी पाय धरून बसलेलं नाही. फुफीचा किडा ओढताना तुटला, पाय सुजला, आणि ती जन्माची लंगडी झाली. बा पहिल्यांदा दिल्लीला निघाले तेव्हा तिने एकच सांगितलं होतं, “तिथं जाऊन पान्याचं बोल. वरून बांधलेली विहीर पायजे म्हन. बाकी काई नोको.” मला नातवाने परवा विचारलं, आजी, नारू म्हणजे काय. मी सांगितलं. तो हातातली नूडल्स ठेवून उठून गेला. आम्ही तो किडा काडीला गुंडाळणाऱ्याच्या शेजारी बसून जेवायचो.

“काय झालं, बाई?” बांनी विचारलं.

“काय झालं? आर्णीच्या भर बाजारात तेलवाला पेपर वाचून दाखवून राह्यला! म्हने, तुमचा मेंबर निवडून गेला तवापासून तिथं तोंड उघडून नाई राह्यला! मुका मेंबर म्हनते तुले! मी त्याले म्हटलं, माहा भाऊ बोलत नाई असं होऊच शकत नाई, त्याले पान्याचं बोलाले धाडलं हाये. तं तो हासला. अन् त्याची बायको बी हासली. अन् त्यायचा पोपट!” फुफी दम घ्यायला थांबली. “खरं सांग. बोल्ला का नाई?”

बांनी हातातली शेंग खाली ठेवली. “अजून नाई,” ते म्हणाले.

फुफीने टोपली खाली आपटली. वांगी अंगणभर पळाली. “मंग नसाब बसवा! नायकावर फिर्याद हाये माही!” असं म्हणून ती ऐन अंगणात जोडे काढून उभी राहिली. बायकांनी नसाबात उभं राहण्याची रीत आमच्यात नव्हती. ही गोष्ट फुफीला सांगायला हवी होती, पण ज्याने सांगायची त्याचं घरदार होतं, लेकरंबाळं होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लिंबाखाली नसाब बसला. नायकावरच फिर्याद, तेव्हा नायकाच्या जागी कारभारी बसले. भोजू कारभारी नायकाच्या हाताखालचे. पगडी उतरली असती तर त्यांच्याच घरी जायची होती. ते नुसते बसले होते, पण त्यांनी सकाळीच डोकं धुऊन, तेल लावून, चोपून ठेवलं होतं, हे साऱ्या तांड्याने पाहिलं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, यवतमाळला बोर्डिंगात राहून मॅट्रिक झालेली. याडीचा हात माझ्या हातात होता आणि तो थंडगार होता. लोकसभेची मेंबरी गेली तर याडीला काहीच वाटलं नसतं. बांचे कपडे धुवायला घरी आले असते इतकंच. पण पगडी आजोबांची, पणजोबांची. बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून आमचे लोक मुलूखभर फिरायचे तेव्हापासूनची. पगडी उतरलेला नायक तांड्यात राहत नाही. त्याला कोणी हाकलत नाही, तो आपला आपणच निघून जातो.

फुफी बोलली. ती किती बोलली हे मी सांगत नाही, तुम्ही विश्वास ठेवणार नाही. ती बोलायला लागली तेव्हा लिंबाची सावली आमच्यावर होती आणि थांबली तेव्हा आमच्यावरून निघून ती पूर्वेच्या घरांवर गेली होती. मग बा उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा नसाबात ते सगळ्यांच्या शेवटी बोलत नव्हते, म्हणून शब्द सापडेनात.

“तिथं लई मोठी बैठक असते,” ते म्हणाले. “एक जन वर खुर्चीवर बसते. खाली आमी सारे. एक उठते, बोलते. मंग दुसरा उठते. मी म्हटलं, होऊ द्या यायचं. सारे बोलून झाले का मंग आपन पान्याचं बोलू. नायकानं मधात बोलू नये.”

“मंग?” कारभारी म्हणाले.

“ते संपतच नाई ना, कारभारी! दुसऱ्याचं संपलं का पयला पुन्हा उठते. कवा कवा दोघं संगंच उठते. एक बोलून राह्यला तं दुसरा खाली बसून त्याच्यावर बोलते. सांज झाली का सारे चहा प्यायले निघून जाते. सकाळी पुन्हा तेच. मी रोज वाट पाहून राह्यलो.”

नसाबात कुजबुज सुटली. म्हातारे हळहळले. इतक्या मोठ्या देशाचा नसाब, आणि बोलणं संपवायची अक्कल कोणालाच नाही! एकजण म्हणाला, तिथल्या खुर्चीवाल्याला आपल्याकडे महिनाभर धाडा. बांची बाजू वरचढ होतेय असं वाटून याडीच्या हाताला ऊब आली. तेवढ्यात फुफी पुन्हा उठली.

“थावरा,” ती म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता, आणि तिचा आवाज खाली आला की लोक मागे सरकायचे. “वर खुर्चीवर बसते तो तिथला नायक. बरोबर?”

“बरोबर.”

“मंग तू तिथं कोन हायेस रे?”

इतकी वर्षं बा दिल्लीत नायक म्हणून बसले होते. तिथं आपण नायक नाही, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आली ती त्या लिंबाखाली. मी त्यांच्याकडे बघत होते. एखादा माणूस चुकून दुसऱ्याच्या लग्नात जेवायला बसावा, अर्धं जेवण झाल्यावर कोणी येऊन विचारावं, तुम्ही कोणाकडचे, तसा त्यांचा चेहरा झाला.

भोजू कारभारी मोठे बेरकी होते, पण न्यायाला बसले की सरळ व्हायचे. त्यांनी निवाडा दिला. मेंबर दिल्लीला जाईल तेव्हा पगडी इथं ठेवून जाईल. तिथं तो नायक नाही, फिर्यादी आहे. फिर्यादीनं आधी बोलायचं असतं. या खेपेला बोलून आला तर पगडी त्याची. न बोलता आला तर पगडी कारभाऱ्याच्या घरी.

“अन् बोल्ला का नाई, हे पाहाले कोन जाईन?” गर्दीतून कोणीतरी विचारलं. “मेंबर तं म्हननच बोल्लो म्हून.”

“त्याची बायको जाईन,” कोणी म्हणालं.

“बायकोची साक्ष चालत नाई,” कारभारी म्हणाले. मग त्यांची नजर फिरत फिरत फुफीवर आली आणि तिथंच थांबली. फिर्यादच तिची. तिच्याहून कडक साक्षीदार साऱ्या जिल्ह्यात मिळाला नसता. आणि फुफी काही दिवस दिल्लीत राहिली असती तर तांड्याला झोप मिळाली असती, हाही हिशेब कारभाऱ्यांनी केला असणार.

असे आम्ही तिघं दिल्लीला निघालो. मला हिंदी लिहितावाचता येतं म्हणून बरोबर घेतलं. फुफीने ज्वारी घेतली, जवसाची चटणी घेतली, आणि जातं घेतलं. हो, जातं. दिल्लीतलं दळण कसं असेल काय माहीत, म्हणून. वर्ध्याला गाडीत ते चढवताना दोन हमालांनी देवाचं नाव घेतलं. बांना मेंबर लोकांच्या वस्तीत दोन खोल्या होत्या, तिथं फुफीने पहाटे जातं सुरू केलं. घरघर, घरघर, आणि तिच्यावर तिचं गाणं. वरच्या मजल्यावरचे मेंबर बंगालकडचे, ते पहिल्या दिवशी तक्रार करायला खाली आले. फुफीने त्यांना गरम बाटीवर चटणी ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी ते ताट घेऊनच आले. बांना मात्र घास जाईना. ते डोक्यावर पांढरी टोपी घालून आरशासमोर उभे राहत. पगडीच्या सवयीने मान ताठ, आणि वर एवढीशी टोपी. याडीने पाहिलं असतं तर ओळखलं नसतं.

सभागृहात वर प्रेक्षकांसाठी सज्जा होता. दारातल्या शिपायाने फुफीकडे वरून खाली पाहिलं. आरशांचा घागरा, कपाळापर्यंत चांदी, आणि मनगटापासून दंडापर्यंत हस्तिदंती चुडा. तो म्हणाला, “माँजी, अंदर आवाज़ नहीं होनी चाहिए. ये चूड़ियाँ बजती हैं.” चुडा उतरवायचा नसतो. फुफीने काही न बोलता ओढणीचा काठ टरकन फाडला, मला दिला आणि हात पुढे केले. मी तिचे दोन्ही हात दंडापासून मनगटापर्यंत करकचून बांधले, मोडलेल्या हाताला बांधतात तसे. अशी ती आत गेली. आरशांवर खालचे दिवे पडून छतावर चांदणं पसरलं. खालचे काही मेंबर बोलणारा सोडून छताकडे बघायला लागले.

आणि खरंच ते संपत नव्हतं हो. एक उठला, दुसरा उठला. फुफीची मान या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती. ती कोणाला थांबवू शकत नव्हती. माझ्या माहितीत त्या दिवसाआधी ती जागेपणी कधी गप्प बसली नव्हती, आणि गप्प बसायची सवय नसलेल्या माणसाला ते किती जड जातं हे मी पाहिलं. तिने ओढणीचा उरलेला काठ दातांत धरला होता.

मग मागच्या बाकावर हालचाल झाली. बा वाकले. मला वाटलं, चक्कर आली. ते जोडे काढत होते. आधी उजवा, मग डावा. दोन्ही जोडे त्यांनी बाकाखाली नीट जोडीने ठेवले. शेजारच्या मेंबराने बाकाखाली वाकून पाहिलं आणि आपलेही काढायचे की काय अशा विचारात पडला. मग बा अनवाणी उभे राहिले, हात जोडले, आणि वरच्या खुर्चीकडे बघून म्हणाले, “अध्यक्षजी, मैं फ़रियादी हूँ.”

कोणीतरी हसलं. बा थांबले नाहीत. ते हिंदीतच बोलत होते, तांड्याची हिंदी, बैलांमागून शिकलेली. त्यांनी विहीर सांगितली, पायऱ्या सांगितल्या, पाण्यात उभे राहणारे पाय सांगितले. मग किडा सांगितला. तो टाचेजवळ फोड येऊन डोकं काढतो, मग त्याला काडीला गुंडाळतात, रोज नखाएवढा ओढतात, रोज नखाएवढाच. हसणारा आता हसत नव्हता. “घाई केली तर तो तुटतो,” बा म्हणाले. “माझ्या बहिणीच्या पायात तुटला. म्हणून आमच्याकडे कोणी कशाचीच घाई करत नाही. मीही केली नाही, इतकी वर्षं इथं गप्प बसलो. पण अध्यक्षजी, किड्याची घाई करू नये, विहिरीची करावी.” आणि त्यांनी वर पाहिलं, आमच्याकडे. त्यांच्याबरोबर खालच्या साऱ्या माना वर वळल्या. देशाचा सगळा कारभार थांबून फुफीकडे बघत होता. निदान मला तरी तसं दिसलं.

फुफीने पाय घागऱ्याखाली ओढून घेतला.

“सदस्यांनी सज्ज्याकडे पाहून बोलू नये,” खुर्चीवरचे गृहस्थ म्हणाले, पण हळू. बांना अजून पुष्कळ बोलायचं होतं. तांड्यातल्या एकेका घराचं सांगायचं त्यांनी रात्रंदिवस घोकलं होतं, मी ऐकलं होतं. पण तेवढ्यात घंटी वाजली. नायकाने थांब म्हटलं की फिर्यादीने थांबायचं. बा वाक्याच्या मध्ये थांबले, नमस्कार केला आणि बसले. शेजारचा मेंबर त्यांच्या कानाशी लागून हातवारे करत काही सांगत होता. पुढे बांनी सांगितलं, तो म्हणत होता, अहो, पहिल्या घंटीला कोणी बसतं का? तिसरीपर्यंत कोणी ऐकत नाही.

आमची विहीर बांधून झाली. बांच्या बोलण्याने झाली असं मी म्हणणार नाही. मधे बरंच पाणी गेलं, कागद फिरले, साहेब येऊन पायऱ्यांवर रुमाल नाकाला लावून उभे राहून गेले. बा तोवर मेंबर राहिले नव्हते, पुढच्या खेपेला बोलणारा उमेदवार मिळाला होता. पण विहीर झाली, वरून बांधलेली, रहाटाची, आणि पुढे तांड्यातल्या पोरींना काडी कशाला लागते ते ठाऊकच राहिलं नाही. आता ती विहीरही बुजली, घरोघर नळ आले. नळाला पाणी कधी येतं, हा वेगळा नसाब.

परत आलो तेव्हा लिंबाखाली सगळा तांडा आधीच बसला होता. बा ओळीच्या शेवटी बसले, उघड्या डोक्याने. याडी त्यांच्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. पगडी कारभाऱ्यांच्या पुढ्यात पाटावर ठेवलेली. कारभाऱ्यांचं डोकं त्याही दिवशी तेल लावलेलं होतं. फुफीला उभं केलं. आता संध्याकाळपर्यंतची निश्चिंती, म्हणून माणसांनी मांड्या सैल केल्या, बायकांनी लेकरं पदराखाली घेतली. फुफीने जोडे काढून ठेवले.

“बोल्ला का तुहा भाऊ?” कारभाऱ्यांनी विचारलं.

“बोल्ला,” फुफी म्हणाली. “लवकर बसला.”